दुसऱ्या सहीपर्यंत बसायचं!

देवघरात रोज फुले वाहावीत आणि पाहता पाहता निर्माल्याची परडी भरून जावी, तसे आमच्या मंडळाचे किस्से साठत गेले. टाकून द्यावेत तर हात धजत नाही. सुकले तरी वास आहे!

मंडळ म्हणजे मुलुंड-भांडुपकडचे आम्ही फॅमिली डॉक्टर. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मुलुंडच्या एका शाळेच्या सभागृहात जमायचे, एखाद्या तज्ज्ञाचे व्याख्यान ऐकायचे, एकत्र जेवायचे आणि शंका विचारून घरी जायचे. शिकण्याची हौस, एवढेच कारण पुरे होते. मी मंडळाचा चिटणीस. भजनाला बसतो म्हणून सगळे मला ‘बुवा’ म्हणत.

पुढे वैद्यकीय परिषदेचा नियम आला. पाच वर्षांत ठरावीक क्रेडिट पॉइंट जमवा, तरच डॉक्टरकीच्या नोंदणीचे नूतनीकरण होईल. ज्ञानाला असे माप लागलेले पाहून मी हळहळलो. बालरोगतज्ज्ञ मीनाताई कांबळे मात्र रोखठोक बाई. त्या म्हणाल्या, “बुवा, जन्मभर इतकं पुण्य जमवलंत, सर्टिफिकेट आहे का एक तरी? नाही ना? मग वर गेल्यावर नूतनीकरण कसं होणार?”

*

नियमाबरोबर उपस्थितीच्या दोन सह्या आल्या. एक आरंभी, एक शेवटी. आमच्याकडे जेवण मध्येच असे. पहिल्या सहीला सभागृह भरलेले, जेवणानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या! पाहुण्या वक्त्यांना फार वाईट वाटे.

मी उपाय केला. जेवण दुसऱ्या सहीनंतर ठेवले. प्रसाद आधी वाटला तर कीर्तनाला थांबणार कोण, हे मला डॉक्टरकीने नव्हे, देवळाने शिकवले होते.

त्या रविवारी एकही जण हलला नाही. वक्ते भारावून म्हणाले, “इतके एकाग्र श्रोते मी कुठेच पाहिले नाहीत!”

मागून मीनाताईंचा आवाज आला, “सर, आज मटारची उसळ आहे!”

*

महासाथीच्या दिवसांत व्याख्याने ऑनलाइन झाली. ऐकणारा जागा आहे ना, हे पाहण्यासाठी पडद्यावर अधूनमधून प्रश्न उमटे: ‘आपण उपस्थित आहात का?’ ‘हो’ दाबले नाही तर पॉइंट गेला.

एका रविवारी पूजेची वेळ आणि व्याख्यानाची वेळ एकच आली. मी लॅपटॉप देवघरातच ठेवला. एक कान वक्त्याकडे, हात पूजेत. आपला माइक चालू आहे, याची गंधवार्ता नाही! डोळे मिटून, हात जोडून मी म्हणालो, “देवा, ये, या आसनावर विराजमान हो.”

लॅपटॉपमधून मीनाताई बोलल्या, “बुवा, पडद्यावर प्रश्न आलाय. तुम्ही ‘हो’ दाबताय, की देव दाबणार?”

*

एकदा अंधेरीच्या मोठ्या इस्पितळातला एक तरुण तज्ज्ञ आला. विषय होता परिणामावर आधारलेला मोबदला. पेशंट किती तपासले यावर नव्हे, तर ते किती बरे झाले यावर डॉक्टरचे मानधन ठरावे. डॉक्टरच्या क्रेडिट पॉइंटांचाही त्यात विचार व्हावा. कल्पना मला आवडली. निष्काम नसले, तरी फळाकडे नीट पाहणारे कर्म!

भांडुपच्या टेकडीवर चाळीस वर्षे दवाखाना चालवणारा आमचा सावंत उठला. मूळचा मालवणकडचा.

“सर, माझा पेशंट बरा झाला की परत फिरकत नाही. तो बरा झाला हे तुम्हाला कळणार कसं?”

“तुम्हाला कसं कळतं?” तज्ज्ञाने विचारले.

“बाजारात दिसला की उधारी आठवून तोंड चुकवतो. म्हणजे ठणठणीत!”

*

याच सावंताचे पॉइंट कमी पडत होते. नूतनीकरणाची मुदत महिनाअखेर संपणार आणि एका सत्राचे दोन पॉइंट बाकी. ते मिळाले नाहीत तर दवाखान्याला कुलूप. दर खेपेस हा पहिली सही करी, फोन वाजे आणि हा पायऱ्या उतरू लागे.

मीनाताई कडाडल्या, “अरे, तुझी पार वाट लागणार आहे! एक रविवार पेशंटला नाही म्हणता येत नाही तुला?”

“अगो, म्हातारी दारात इली तर तिका काय सांगू? डॉक्टर अजून शिकाक गेलोहा?”

मला त्याचा राग येई आणि हेवाही वाटे.

*

त्या महिन्याचा रविवार आला. मी सावंताचा फोन बंद करून स्वतःच्या खिशात ठेवला. पहिल्या रांगेत एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मीनाताई. दाराशी परिषदेचे निरीक्षक बसलेले, एक निवृत्त सर्जन. शिस्तीचे कडक, मध्येच उठून गेलेल्याचे नाव तत्काळ कापत.

व्याख्यान रंगात आले. सावंताने सहज मागे वळून पाहिले आणि तो ताडकन उठला.

“बस खाली!” मीनाताईंनी त्याची बाही धरली.

“निरीक्षकांचा घाम बघ.”

सभागृह भरून डॉक्टर होते. पाहिले ते एकट्याने. त्याने निरीक्षकांची नाडी धरली, त्यांना गोळी चावायला लावली आणि मीनाताईंच्या गाडीत घालून थेट इस्पितळ गाठले. हृदयविकाराचाच झटका होता. स्ट्रेचरवरून आत जाताना साहेबांनी घड्याळ पाहिले आणि क्षीण आवाजात विचारले, “डॉक्टर, तुम्ही सभागृह किती वाजता सोडलंत?”

“तुमच्याबरोबरच, साहेब.”

दुसरी सही हुकली होती. मी रात्रभर नामस्मरण केले, पण मनात सावंताचा बंद दवाखानाच येत राहिला.

चौथ्या दिवशी चिटणीस म्हणून माझ्या नावे निरीक्षकांचा अहवाल आला. इस्पितळाच्या खाटेवरून लिहिलेला, अक्षर थरथरलेले: ‘अकरा चाळीसनंतर सभागृहात निरीक्षक हजर नव्हता. सबब कोणासही पॉइंट देता येत नाहीत. सत्र याच महिन्यात पुन्हा घ्यावे.’

सगळे मंडळ चडफडले. तरी शेवटच्या रविवारी झाडून सारे आले. दाराशी तेच साहेब, थोडे वाळलेले, मांडीवर वही. सावंत सही करून पुढे निघाला, तसे त्यांनी त्याला थांबवले.

“डॉक्टर, आज शेवटपर्यंत बसायचं. मी गोळ्या घेऊन आलोय!”