काल अंडं दिलं होतं का?

सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचं मूल काल दिवसभरात आणि रात्रीत काय काय जेवलं, हे त्याच्या आईला विचारून लिहायचं, एवढंच आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण लेकराला चहात बुडवून बिस्किट दिलं, हे कोणतीही आई परक्या बाईला सांगत नाही. ती म्हणते, वरण-भात दिला. मग विचारायचं, वरण की वरणावरचं पाणी? पाणी असेल तर डाळीच्या रकान्यात खूण करायची नाही. दूध दिलं म्हणाली तर वाटी पुढं करायची, किती ते दाखवा. वाटी आम्ही सोबतच नेतो.

या कामात माझा हात धरणारं कुणी नाही. शिकले उशिरा. आधी बारा वर्षं वाळूजला कंपनीच्या फाटकाबाहेर भाजी विकली. शिफ्ट सुटली की घरी पळायची घाई असलेली माणसंसुद्धा एका जुडीसाठी खोटं बोलायची, "पलीकडं स्वस्त हाय." कोण खोटं बोलतंय ते तोंडाकडं बघून कळायचं. तेच पुढं कामाला आलं. बाहेरून बारावी केली, बीए केलं, सर्वेक्षणात घरोघर फिरले, गटप्रमुख झाले.

मग संभाजीनगरच्या ऑफिसनं एक मुलगी आणली. समाजकार्याची पदवी, वय चोवीस. तीन महिन्यांत साहेब म्हणाले, पुढच्या फेरीला पर्यवेक्षक हीच, तुम्ही तिला गावं दाखवा. मी हसून हो म्हणाले आणि घरी येऊन भांडी आपटली. त्या दिवसापासून मी तिची चूक शोधत होते. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

शेंद्र्याच्या पुढच्या एका गावात ती चूक सापडली. मुलीनं सकाळी भरलेले फॉर्म मी दुपारी टॅबवर बघत होते. मुलगा चौदा महिन्यांचा. अंडं: हो. ते घर मला माहीत होतं. सासूच्या गळ्यात तुळशीची माळ, आणि अंगणात कुणाची कोंबडी आली तरी म्हातारी काठी घेऊन धावते. अशा घरात अंडं? फॉर्म मनानं भरला, दुसरं काय!

काही घरांत परत जाऊन तेच प्रश्न पुन्हा विचारायचे, असा आमचा नियम आहे. मी तेच घर निवडलं आणि मुलीला सोबत घेतलं.

"ताई, तिला जरा बाजूला घेऊन विचारू या," मुलगी दारातच हळू म्हणाली.

"का? तिनं चोरी केलीय का?"

आईला एकटीला गाठून विचारायचं, हे प्रशिक्षणात मीच सगळ्यांना शिकवते. त्या दिवशी मला ते करायचं नव्हतं. ओसरीवर सासू सुपात तूर पाखडत होती, शेजारच्या दोघी बसल्या होत्या. सून लेकराला मांडीवर घेऊन खांबाला टेकली होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सुरू केलं.

"काल भाकर दिली का लेकराला?"

"व्हय. दुधात कुस्करून."

"डाळ?"

"वरण."

"वरण की पाणी?"

तिनं लेकराचं तोंड पदरानं पुसलं. मग म्हणाली, "पाणीच."

"बघा!" सासू शेजारणींना म्हणाली. "पाणी पाजायचं अन् वरण सांगायचं. हिच्या माहेरी असलंच वरण करत्यात." दोघी खदखदल्या.

"अंडं?"

सूप थांबलं.

"बाई, डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?" सासू म्हणाली. "या घरात अंडं?"

"मी नाही म्हणत, आजी. तुमच्या सुनेनंच सकाळी सांगितलं, असं इथं लिहिलंय."

"काय गं?"

"नाय," सून म्हणाली. "म्या नाय सांगितलं." आणि एकदाच, पापणी लवेपर्यंत, तिनं मुलीकडं पाहिलं.

मी मुलीकडं वळले. "मग हे कुणी लिहिलं?"

एका वाक्यात ती सुटली असती. पण म्हणाली, "माझंच चुकलं, ताई. चुकून खूण झाली."

"चुकून? का घरी बसून भरलास फॉर्म?"

"चुकून."

"शिकल्या म्हणं पोरी," सासू म्हणाली. "आमच्या घराला बट्टा लावायला निघाल्या."

मला त्याच क्षणी कळलं. इतक्या लवकर भाव सोडणारं माणूस काहीतरी झाकत असतं. तरी मी 'फॉर्म खोटा' असं टॅबवर लिहिलं.

मुलगी पुढं गाडीकडं गेली. मागून ती सून रिकामी कळशी घेऊन धापा टाकत आली.

"ताई, त्या पोरीला बोल लावू नका. दिलं व्हतं म्या अंडं. वस्तीतली मैत्रीण माझ्यासंगं कापूस वेचायला असती, ती डब्यात उकडून आणती. लेकराचं वजन भरंना, म्हणून अंगणवाडीच्या बाईनंच सांगितलं व्हतं."

"मग आत का नाही बोललीस?"

"तुमी आत का इचारलं?"

माझ्या डोक्यात सणक गेली. म्हणाले, "आता बदलायचं तर परत ओसरीवर यावं लागेल. सासूसमोर वाचून दाखवायचं आणि तुझी सही घ्यायची. येऊ?"

असा कुठलाही नियम नाही.

ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या," आणि कळशी न भरताच परत गेली.

मी अहवाल पाठवला. मुलीचे सगळे फॉर्म रद्द झाले, तिसऱ्या दिवशी टॅब काढून घेतला. साहेबांसमोरही ती चुकून झालं एवढंच म्हणाली. पर्यवेक्षकाचं पद मला मिळालंच नाही, पुण्याहून तिसरीच कुणी आणली. साहेबांवर माझा राग आहेच. मुलीवरही आहे. तिनं तोंड उघडलं असतं तर भांडता आलं असतं. तेवढंही तिनं माझ्यासाठी ठेवलं नाही.

पाच महिन्यांनी शेवटच्या फेरीत तीच घरं पुन्हा आली. या वेळी मी त्या सुनेला शेतात गाठलं. ती एकटीच कांदा कापत बसली होती, लेकरू लिंबाखाली झोळीत.

"तुझी मैत्रीण?"

"त्या दिवसापासनं सासूनं मला दुसऱ्या टोळीत घातलं. वस्तीतल्या बायांसंगं जायचं नाय म्हणली." विळा थांबला नाही. "ती पोरगी कुठं हाय?"

"तिनं काम सोडलं."

तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं, मग पुन्हा कांदा कापायला लागली. मी प्रश्न विचारत गेले. दूध? नाय. डाळ? नाय. फळ? नाय.

"अंडं?"

"नाय."

"इथं कुणी नाही. मला सांग."

"नाय म्हणलं ना. लिव्हा, नाय."

खरंच देत नव्हती की मला सांगत नव्हती, ते तिच्या तोंडावरून मला कळेना. मी 'नाही' लिहिलं. मग झोळीतून लेकराचा हात बाहेर काढून दंडाला मापाची पट्टी लावली. पट्टीवर खालावलेल्या मुलांचा पिवळा रंग दिसला. तोही लिहिला.