आईला दिसेपर्यंत

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात माझा नवरा एका परीक्षेत नापास होऊन घरी आला. घरात हे फक्त मला माहीत होतं. बाकीच्यांसाठी तो कॅप्टनसाहेब होता, महिन्याच्या सुट्टीवर आलेला, आणि आमच्या करडी गावात रोज कुणी ना कुणी त्याला चहाला बोलवत होतं.

परीक्षा फॉरवर्ड एअर कंट्रोलरची होती. हे काम काय असतं ते त्याने मला खळ्यात, धानाच्या पुंजण्याला, म्हणजे कापून रचलेल्या ढिगाला, टेकून सांगितलं. समजायला सोपं आहे, करायला नाही. लढाईत पायदळाच्या मदतीला आपली विमानं येतात. वैमानिक इतक्या वेगाने येतो की खालची जमीन त्याला गोधडीसारखी दिसते, आणि दिसते न दिसते तोच मागे पडते. म्हणून एक अधिकारी वायरलेस घेऊन पुढे, पायदळाबरोबर बसतो. तो वरच्याला सांगतो: अमुक ठिकाणाहून सुरुवात कर, या दिशेने ये, इतके सेकंद मोज, आता वर चढ, आता खाली बघ, ते तुझं लक्ष्य. आपली माणसं कुठे आहेत तेही त्यानेच सांगायचं. ते चुकलं तर बॉम्ब आपल्याच माणसांवर.

एकाहत्तरच्या लढाईत तो तोफखान्यात होता. तिथे त्याने एकदा पाहिलं होतं की आपलं विमान आलं, दोन घिरट्या घातल्या, रिकाम्या शेतात बॉम्ब टाकले आणि गेलं, कारण खालून सांगणारं कुणी नव्हतं. तेव्हापासून त्याला हे काम हवं होतं. आणि आता परीक्षेत तीन विमानं आली, त्यातल्या दोघांना लक्ष्य दिसलं नाही आणि तिसऱ्याने भलत्याच टेकाडावर नेम धरला. सुट्टी संपल्यावर आणखी एक संधी होती. त्यातही चुकला असता तर परत तोफांकडे, आणि हे काम कायमचं बंद.

"पण झालं काय?" मी विचारलं.

"आठ दिवस त्या मैदानावर राह्यलो. झुडूप न् झुडूप ओळखीचं झालं. शिकवणारे साहेब म्हणाले, तुला जे माहीत आहे ते तू सांगतोस. त्याला जे दिसतंय ते सांग."

मी म्हटलं, "मग सराव करा की. मी होते विमान."

तो हसला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावामागच्या टेकडीवर होतो. माझं माहेर कारध्याचं, नदीकाठचं. करडीत येऊन मला जेमतेम पाच महिने झाले होते आणि त्यातले चार स्वयंपाकघरात गेले होते. शिवारातलं मला काही कळत नव्हतं, म्हणजे वैमानिक व्हायला मी अगदी योग्य होते.

पद्धत अशी ठरली. तो खाली शिवारात एक जागा निवडायचा, चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी टेकडीवरच्या एका दगडाखाली ठेवायचा आणि माथ्याच्या जरा खाली, माथ्याकडे तोंड करून बसायचा. मी टेकडीच्या पाठीमागच्या उतारावर जायची आणि दर वेळी वेगळ्या वाटेने वर यायची, कारण विमान नेहमी एकाच बाजूने येत नाही. माथ्यावर आले की मोठ्याने वीस मोजायचे. तेवढ्यात त्याने सांगायचं, मी शोधायचं. मग चिठ्ठी उघडायची. दिवसातून पंधरा वेळा ती टेकडी चढून माझे पाय असे झाले की सासूबाईंनी कौतुकाने दोन घागरींच्या जागी तीन घागरी पाणी आणायला सांगितलं.

पहिल्या आठवड्यात तो यात फार कच्चा होता. "बोडीच्या डाव्या हाताले," तो म्हणायचा. बोडी म्हणजे लहानसं तळं, आणि आमच्या शिवारात तशा चार दिसत होत्या.

"कोणत्या बोडीच्या? अन् कोणाच्या डाव्या?"

"माझ्या."

"तुम्ही खाली बसले. मी वरून येऊन राहिली. तुमचा डावा माझा उजवा झाला ना."

"अवं, ते मोहाचं झाड होतं ना, त्याच्या खालतची बांधी."

"होतं म्हणजे?"

"मागच्या साली पडलं."

पडलेल्या झाडाखालची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, मला वरून कशी दिसणार, असं मी विचारलं आणि विसापर्यंत मोजून मोकळी झाले.

गावाला अर्थात हे सगळं ऐकू जात होतं. हिवाळ्यात आवाज लांबवर जातो. नवी सून आणि नवरा रोज टेकडीवर, तो ओरडतो, "दिसलं का?" आणि ती ओरडते, "नाही दिसलं!" तिसऱ्या दिवशी शेजारणीने सासूबाईंना विचारलं, "काय हरवलं वो तुमच्या सुनेचं?" सासूबाईंना एवढंच सांगितलेलं होतं की फौजेचं काम आहे, कुणाला बोलायचं नाही. त्या सुचेल ते बोलून मोकळ्या झाल्या. "बिरी," म्हणाल्या. "कानातली. सोन्याची."

आमच्याकडे कुणाचं काही हरवलं की सगळं गाव शोधायला निघतं. बैल असो की बिरी. अर्ध्या तासात पंचवीस-तीस माणसं टेकडीवर चढून आली, दोन म्हाताऱ्या तर काठी टेकत. गवत बाजूला करून, दगड उलटे करून शोध सुरू झाला. एकीने दगडाखालची चिठ्ठी काढली, वाचता येत नव्हतं म्हणून माझ्या हातात दिली. त्यावर लिहिलं होतं, ‘तिसरा पुंजणा’. मी ती ब्लाउजात खुपसली. माझ्या दोन्ही कानांत दोन्ही बिऱ्या होत्या. पदर पुढे ओढून मी दीड तास त्या सगळ्यांबरोबर खाली वाकून शोधत होते. नवऱ्याने चेहरा इतका गंभीर ठेवला की एका काकांनी त्याची समजूत घातली. पुढे सुट्टी संपेपर्यंत वाटेत भेटणारं प्रत्येक माणूस विचारायचं, "सापडली का बिरी?"

दुसऱ्या आठवड्यात सुधारणा दिसायला लागली. तिसऱ्यात तर मी विसाच्या आत प्रत्येक वेळी बरोबर ओळखत होते, कधीकधी आठावरच. तो खूश होता. घरी येताना शीळ घालायचा.

मग एका सकाळी त्याने सांगायला सुरुवात केली, "भांडणाच्या बांधीच्या उगवतीले..." आणि मी बोट दाखवलं. चिठ्ठी उघडली. बरोबर. तो पुढचं लिहायला लागला, आणि मी तिथेच खाली बसले.

"काय झालं?"

"भांडणाची बांधी कोणती हे मले कसं माहीत?"

"दोन भावांचं भांडण आहे ना तिच्यापायी. तीन साल झाले, पडीत आहे."

"ते मले पाण्यावर बायकांनी सांगितलं. वैमानिकाले कोण सांगन?"

त्याने अर्धी लिहिलेली चिठ्ठी खिशात घातली.

"तुम्ही नाही सुधारले," मी म्हटलं. "मी सुधारली. मी आता गावची झाली."

त्या दिवशी घरी येताना त्याने शीळ घातली नाही. पण खोटं बोलून दिलासा देण्यात काय अर्थ होता? सुट्टीचे सहा दिवस उरले होते, आणि चुकणारा माणूस आपण चांगला झालो असं समजून परत चालला होता. याच्यापेक्षा वाईट तयारी दुसरी नाही. आता आम्हाला असं माणूस हवं होतं ज्याने आमचं शिवार कधीच पाहिलेलं नाही. पाहुण्यारावळ्यांत तर शेंबड्या पोरालाही करडी पाठ होती.

रात्रीच्या भाकरी थापताना मला आई आठवली.

लेकीला मूल होईपर्यंत आईने तिच्या सासरी पाय ठेवायचा नाही, तिथलं पाणी प्यायचं नाही, अशी आमच्यात रीत होती. लग्न कारध्याला झालं, त्यामुळे आईने करडी पाहिलेली नव्हती. रीतीचा असा उपयोग होईल असं कुणाला वाटलं असेल? मी कारध्याला निरोप पाठवला: जावयाला तुझं काम आहे, ताबडतोब ये, टेकडीवर बसायचं आहे, घरात नाही.

निरोपातलं ‘ताबडतोब ये’ एवढंच आईने धरलं. ती दुसऱ्या दिवशी एस.टी.तून उतरली ती डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. माझ्या पोटाकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे.

"कितवा महिना?"

"आई, कोणताच नाही. तुले विमान व्हायचं आहे."

आई नदीकाठची. तिला एकदा सांगितलं की कळतं आणि एकदा ठरवलं की बदलत नाही. तिने विचार केला आणि निकाल दिला की टेकडी काही कुणाचं घर नाही, तिथे बसायला हरकत नाही. शिदोरी आपली, पाणी आपलं. ती पाण्याची कळशीसुद्धा बरोबर घेऊन आली होती. सासूबाईंना हे लागलं. "आमच्या विहिरीले का किडे पडले?" त्या म्हणाल्या. पण त्याही मागोमाग वर आल्या, बघायला.

पहिला दिवस पार वाया गेला. आईला एकही जागा सापडली नाही. तो बोलत सुटायचा आणि आई डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून खाली बघायची.

"जवाईबापू, तुमी तं सप्पा एकदम सांगून राहिले. मी पहिलंच शोधून राहिली, अन् तुमी चौथ्यावर गेले."

"आई, वेळ नसते. विमान थांबत नाही."

"मंग मले दिसत बी नाई."

संध्याकाळी तो खाली उतरला तेव्हा खांदे पडले होते. आई शेजारच्या गावी तिच्या चुलतबहिणीकडे मुक्कामाला गेली, कारण आमच्याकडे राहायचं नव्हतं.

सकाळी ती आली ती नियम घेऊनच. "एक सांगायचं. मी हाव म्हणीन. मंग दुसरं. हाव म्हटल्याबिगर पुढं चालायचं नाई. अन् पहिले असं सांगा जे आंधळ्याले बी दिसन."

त्याने वळून दूरवर पाहिलं. मग म्हणाला, "आई, नदी दिसते?"

"कारध्याची मी. नदी नाई दिसन?"

"नदीची पांढरी रेती सोडून इकडे या. मोठा तलाव?"

"हाव."

"तलावाच्या पाळीवर दोन ताडं?"

"हाव. एक वाकडा आहे."

"वाकड्यापासून बुडतीले, हिरवा पट्टा?"

"लाखोळीचं पीक होय ते. हाव."

"पट्टा संपते तिथं पुंजणा?"

"दिसला," आई म्हणाली. मी सोळा मोजले होते.

सगळ्यात मोठं आधी, मग लहान. दिशा उगवती-बुडतीच्या, म्हणजे पूर्व-पश्चिम, वरच्याला आणि खालच्याला सारख्याच. आणि दर पायरीला वरच्याचा होकार. हे सगळं त्याला अभ्यासक्रमात शिकवलेलं होतं म्हणे. वहीतही लिहिलेलं होतं. पण मैदानावर वही कामाला येत नाही, आई येते.

दुपारपर्यंत बारापैकी दहा. मग तो म्हणाला की आता आपली माणसंही हवीत. सासूबाई लगेच उठल्या. लाल लुगडं नेसलेल्या त्या खाली गेल्या आणि एका धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आई, लाल लुगडं दिसते?"

"इहीनबाई होय त्या."

"त्या आपल्या. तिथं टाकायचं नाही."

आईने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "नाईच का?" तिने विचारलं. मी मोजायची विसरले. खालून सासूबाई ओरडल्या, "काय म्हणून राहिल्या वो इहीनबाई?" ती फेरी रद्द धरली.

तो गेला. वीस-बावीस दिवसांनी पत्र आलं. तिथेही सगळीकडे एकसारखी झुडपं, एकसारखी टेकाडं. पण एक कोरडी नदी होती. त्याने नदीपासून सुरुवात केली आणि वैमानिकाचा ‘दिसली’ आल्याशिवाय पुढे सरकला नाही. तीन विमानं, तिन्हींना पहिल्याच फेरीत दिसलं. साहेबांनी विचारलं, महिनाभरात हे कुणी शिकवलं? तो म्हणाला, माझ्या सासूबाईंनी. साहेबांना ती थट्टा वाटली. मी पत्र घेऊन कारध्याला गेले आणि आईला वाचून दाखवलं. ती तांदूळ पाखडत होती. "त्या विमानातल्या पोट्ट्याले दिसलं ना?" तिने विचारलं. "बस." आणि लाडवांचा डबा परत मागितला. लाडू सासूबाईंनी आणि मी केव्हाच संपवले होते.

दोन वर्षांनी माझी मुलगी झाली आणि आई पहिल्यांदा करडीत आमच्या घरात शिरली. सासूबाईंनी पाट मांडला, आमच्याच विहिरीचं पाणी तांब्यात भरून ठेवलं आणि ती पिते का ते बघत समोर बसल्या. आई प्यायली. वरणभात कालवला, एक घास घेतला आणि म्हणाली, "मीठ कुठी आहे?"

नवरा रजेवर होता, बाळ मांडीवर घेऊन खाटेवर बसलेला. तिथूनच म्हणाला, "आई, ताट दिसते?"

"हाव."

"ताटाच्या उगवतीले तांब्या?"

"हाव."

"तांब्याच्या मागं लहान वाटी?"

"दिसली," आईने वाटी ओढून घेतली.

"अरे, गरम आहे तवर जेवू दे त्याहिले," सासूबाई म्हणाल्या आणि आईच्या ताटात न विचारता आणखी भात वाढला.