नमुन्याची बाटली

दारूच्या धंद्यात उभं आयुष्य गेलं आणि एक घोट गिळला नाही, असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसू देत. शहाद्याकडच्या आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा बंद, तिथे दारू कुठून चालणार? पण बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतलेल्या पोराला नोकरी हवी होती, आणि नोकरी मिळाली ती साखर कारखान्याच्या दारूच्या प्रयोगशाळेत. काम चाखण्याचं. जिभेवर घ्यायचं, टाळूला लावायचं, वास नाकात चढू द्यायचा आणि थुंकायचं. बायको सदऱ्याचा वास घेऊन अजूनही नाक मुरडते.

तिथून निवृत्त झालो आणि सहा महिने घरात माश्या मारल्या. मग माझ्या आत्याचा मुलगा धडगावहून एक बाटली घेऊन आला. प्लास्टिकची, पाण्याची, वर कापडाचा बोळा. "दादा, चाखी दख." मी ओट्यावर उभ्या उभ्याच जिभेला लावली.

मोहाची दारू मला नवीन नव्हती. बाजारात मिळते ती निम्मी नवसागर आणि निम्मी बोंब, जिभेला चटका देते आणि डोकं धरायला लावते. ही तशी नव्हती. आधी मोहाच्या फुलाचा तो जड, गोडसर वास, मग थोडा धूर, मग भिजलेल्या मातीसारखं काहीतरी, आणि थुंकून झाल्यावरही बराच वेळ तोंडात गोडी उरलेली. मी पुन्हा चाखली. आत्याचा मुलगा दात काढत बसला होता. मोहाची दारू काढून विकायच्या परवान्यासाठी तो दोन वर्षं मुंबईच्या चकरा मारत होता, परवाना आता हातात आला होता, आणि चव राखायला त्याला मी हवा होतो.

ती दारू गाळणारी बाई धडगावच्या वर, जिथे जीप सोडून पाऊण तास चढावं लागतं अशा पाड्यावर राहायची. साठीच्या पुढची, काटक, हातात चांदीचे जाड वाळे. घरात पावरी बोलायची, आमच्याशी बाजारची अहिराणी. नवरा तिच्याहून म्हातारा, दारातल्या बाजेवर बसून सगळ्यांवर लक्ष ठेवणारा. पाड्यातल्या कुठल्याही घरची दारू नाकाजवळ धरली की ती कुठल्या चुलीची हे तो सांगायचा. आम्ही त्याची परीक्षा घेतली. पाच वाट्या, पाच घरं. म्हातारा एकदाही चुकला नाही. स्वतःच्या बायकोच्या वाटीला तर त्याने नाकसुद्धा लावलं नाही, सरळ पिऊन टाकली.

मी चाखून थुंकलो तशी बाई खवळली. "थुकी काय टाकस रे भाऊ? कडू लागस का?" मी घरच्या नेमाचं सांगितलं. ती म्हणाली, "तुन्ही जीभ भली शे, पन पोट भित्रं शे." हे पुढे नऊ वर्षं ऐकत राहिलो.

तिने मडकी द्यायचं कबूल केलं, रीत शिकवायचंही कबूल केलं. अट एकच घातली. त्यांच्याकडे कोणी वारलं की त्याच्या नावाने जमिनीवर दारूची धार घालतात. वासावर तो येतो, घोट घेतो आणि मग सुखाने आपल्या माणसांत जातो. "वास वळखीना नही ऱ्हायना ते तो येत नही," ती म्हणाली. तेव्हा धंदा कितीही मोठा करा, चव हलता कामा नये. मी म्हटलं, माय, माझी जीभ कशासाठी आहे? आणि तिच्यादेखत तिच्या घाण्याची पहिल्या धारेची दारू एका काचेच्या बाटलीत भरली, रबरी बूच घट्ट बसवलं, चिठ्ठी चिकटवली: नमुना. इथून पुढे जो माल निघेल तो या बाटलीशी ताडून बघायचा. ही माझ्या शिक्षणातली पद्धत होती आणि मला तिचा अभिमान होता.

पहिली चूक मी आठवड्याच्या आत केली. धडगावच्या बाहेर भाड्याच्या शेडमध्ये तिची सात मडकी आली, आणि आतली ती काळी चिकट पुटं बघून मी ती सोड्याने घासून घेतली. उन्हात वाळवली. मोह भिजवला तर चार दिवस मडकं गार, एक बुडबुडा नाही. बाई आली, मडक्यात हात घालून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "घर धुई टाकं तुम्ही. आते जीव कोठे ऱ्हाई?" मग घरून जुन्या आंबवणाचं भांडं डोक्यावर घेऊन उतरली आणि प्रत्येक मडक्यात थोडं थोडं ओतलं. तिसऱ्या दिवशी मडकी बोलायला लागली. शिकलेला गाढव कोण हे शेडमधल्या सगळ्यांना कळलं, आणि मीही त्यांच्याबरोबर हसलो. ती दोन वर्षं माझ्या नोकरीतली सगळ्यात सुखाची. आठवड्याला थोडा माल निघायचा आणि नमुन्याशी असा जुळायचा की कुठली वाटी कुठली हे मलाच विसरायला व्हायचं.

मग माल खपायला लागला आणि तिथूनच नाशाला सुरुवात झाली. मडकी पुरेनात, म्हणून स्टीलचं पिंप आलं. मडकं घामेजतं, आपलं आपण गार होतं. मोठं पिंप मात्र पोटातून तापतं, आणि त्या उष्णतेत आंबवण घाई करतं. वासात पिकून गेलेल्या केळ्याची झाक यायला लागली. मी बाहेरून पाण्याच्या नळ्या फिरवल्या, झाक कमी झाली. बाटलीशी ताडलं. आत्याचा मुलगा दारात उभा. "दादा, जुळना का?" मी पुन्हा चाखलं. जवळजवळ तेच होतं. म्हटलं, "जुळना."

पुढच्या वर्षी दर खेपेला आंबवण सारखंच यावं म्हणून पुड्यातलं यीस्ट आलं. धूर निघून गेला, कारण चूल जाऊन वाफेचा बॉयलर आला. शेड धडगावहून हलून विसरवाडीच्या अलीकडे हायवेला लागून आली, कारण घाटातून टँकर उतरवणं परवडेना. झऱ्याचं पाणी वर राहिलं आणि खाली बोअरचं लागलं. सातपुड्यातला मोह पुरेना, म्हणून गुजरातकडून, मध्य प्रदेशातून ट्रक यायला लागले. कुठला मोह शेणाने सारवलेल्या अंगणात वाळलेला, कुठला डांबरी रस्त्यावर, सगळा एका पिंपात. प्रत्येक बदलानंतर मी कपाटातली बाटली काढायचो, चमचाभर ओतायचो, चाखायचो, थुंकायचो. "दादा, जुळना का?" प्रत्येक वेळी फरक नखाएवढाच असायचा. नखाएवढ्या फरकासाठी एवढा मोठा खटाटोप कोण थांबवणार? आणि मी तरी पगार कशाचा घेत होतो?

एकदा पुण्याहून एक जण आला. त्याचा क्राफ्ट बिअरचा लहानसा धंदा होता, तो आता चांगला तीन शहरांत पसरला होता. उंच, दाढीवाला, मनाने मोकळा माणूस. आमची दारू चाखून म्हणाला, छान आहे, स्वच्छ आहे. मला तो शब्द लागला. मी त्याला विचारलं, तुमची बिअर पहिल्यासारखी राहिली का हो? तो हसला. म्हणाला, "काका, पहिली बिअर मी घराच्या गच्चीवर बादलीत केली. तसली पुन्हा जमली नाही. टाकी मोठी झाली की यीस्ट वेगळं वागतं, कडवटपणा बसतो, वास उडतो. मग सगळ्यांना चालेल असं काहीतरी आपण शोधतो." मी म्हटलं, गिऱ्हाईक तक्रार करत नाही? "जुनं गिऱ्हाईक दोन वर्षं कुरकुरतं, मग येईनासं होतं. नव्याला जुनी चव ठाऊकच नसते." हे त्याने इतक्या सहज सांगितलं की मला त्याचा राग आला. राग खरं तर स्वतःचा असावा.

बाईची मडकी तोपर्यंत आमच्या स्वागतकक्षात काचेमागे गेली होती. त्यांच्यावर कुणीतरी वारली चित्रं काढून घेतली होती, जी सातपुड्यात कोणी काढत नाही. बाईला महिन्याचं काहीतरी पोचतं व्हायचं, आणि ती गाळायची बंद झाली होती. पाड्यात सगळ्यांनीच बंद केलं होतं. चैत्रात मोह पडला की आमची गाडी जीपच्या रस्त्यापर्यंत जायची आणि पोती उचलून आणायची. घरात ठेवून गाळत बसण्यापेक्षा विकलेला बरा, असं त्यांना वाटलं. त्यात चूक कोणाची काढायची? मीच त्या गाडीचे कागद लिहायचो.

म्हातारा भाद्रपदात गेला. त्याआधी त्याला चिंचपाड्याच्या दवाखान्यात आणलं होतं; मी भेटायला गेलो, तर त्याने माझा हात नाकाजवळ नेला, हुंगला आणि सोडून दिला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की आता घरी न्या, तर घरी नेला. चार दिवसांनी निरोप आला.

तो गेल्याच्या पाचव्या दिवशी बाई विसरवाडीला उतरली. तीन जीप बदलून आली होती. माझ्यासमोर खुर्चीवर न बसता जमिनीवर बसली. धार घालायची होती. घरात मोहाचं एक फूल नव्हतं, मडकी काचेमागे होती, आणि पाड्यातल्या पोरांनी दुकानातून आमचीच बाटली आणली होती. ती तिने हुंगून बाजूला ठेवली होती. "पहिला सालनी शे ना तुन्हाकडे? तीच दे."

मी जवळजवळ पळतच कपाटाकडे गेलो. नऊ वर्षं मी दुसरं काय केलं होतं? बाकी सगळं सोडलं होतं, पण ती बाटली सांभाळली होती. तळाला तीन बोटं दारू उरली होती. बाटली रुमालात गुंडाळली आणि मीच तिच्याबरोबर निघालो. म्हटलं, वचन दिलं होतं ते मी स्वतः पोचवतो. घाटात जीपमध्ये बाटली मांडीवर धरून बसलो होतो. मनात दुःखापेक्षा ऐट जास्त होती, हे सांगायला आज लाज वाटते.

अंगणात पाड्यातली माणसं जमली होती. बाज भिंतीला उभी करून ठेवली होती. बाईने पळसाच्या पानाचा द्रोण हातात घेतला, मी बूच काढलं आणि होती ती सगळी त्यात ओतली. तिने द्रोण नाकाजवळ नेला. बराच वेळ धरला. मग माझ्याकडे बघितलं.

"हाई मन्ही नही."

मी म्हटलं, माय, तुझ्यासमोर भरली. तुझ्या हाताची चिठ्ठी नसेल, पण तुझ्या घाण्याची आहे. तिने द्रोण माझ्यापुढे धरला. मी बोट बुडवून जिभेला लावलं, आणि त्या अंगणात, त्या मातीच्या वासात पहिल्यांदा नीट चाखली. रबराचा वास होता. खाली उरलेल्या दारूवर नऊ वर्षं हवा साचलेली, दर खेपेला बूच उघडताना फुलाचा वास थोडा थोडा उडून गेलेला. बाटलीत शिळं, कोमट काहीतरी होतं. केमिस्ट्री शिकलेल्या माणसाला हे पहिल्याच वर्षी कळायला हवं होतं. माल बाटलीपासून सरकत गेला होता, तशी बाटलीही जागेवर राहिली नव्हती. तिच्या त्या शिळ्या वासाशी जुळतं म्हणून मी एकेक पिंप पास केलं होतं.

बाईने द्रोण कुडाच्या कडेला, जिथे कोणाचा पाय पडत नाही तिथे रिता केला. रागाने नाही, नीट, सावकाश. मग आत गेली आणि झऱ्याच्या पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"पानी ते वळखीच ना तो," ती म्हणाली, आणि पाण्याचीच धार घातली.

म्हाताऱ्या माणसांनी माना खाली घातल्या. उरलेलं पाणी द्रोणातून सगळ्यांना दिलं, मलाही दिलं. मी ते गिळलं. तिच्या हातचं काही मी पहिल्यांदाच गिळत होतो. ती माझ्याकडे बघत होती, पण भित्र्या पोटाचं काही म्हणाली नाही. म्हणायला हवं होतं.

बाटली घेऊन खाली उतरलो आणि ती परत कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन पिंप तयार होतं आणि आत्याचा मुलगा दारात उभा. "दादा, जुळना का?" मी कपाट उघडलं. बाटली रिकामी होती. तिची चिठ्ठी अजून चांगली होती. मी बाटली गरम पाण्याने धुतली, नवीन बूच शोधलं आणि समोरच्या पिंपातला माल तिच्यात भरून ठेवला.

तेव्हापासून आमच्या दारूची चव जराही बदललेली नाही.