सूतभरची गाडी

गाडी तेवीस वर्षांची होती. रंग मूळचा पांढरा, आता जुन्या दातासारखा झालेला. इतक्या वर्षांत ती रस्त्यात एकदाही बंद पडली नव्हती, आणि कुणी विचारलं नाही तरी तिचा मालक हे सांगून मोकळा होत असे.

मालकाला सगळे सूतभर म्हणत. कारखान्यात चौतीस वर्षं फिटरचं काम केलेला माणूस. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, पण याच्या तोंडी तो शब्द कशालाही चाले. पाइप तिरका बसला की "सूतभर गेलाय." चहात साखर कमी पडली तरी "सूतभर कमी आहे." कारखान्यात पडलेलं नाव निवृत्तीनंतर त्याच्या मागोमाग गल्लीत आलं आणि तिथेही टिकलं.

गाडीला त्याच्याशिवाय कुणाचा पाना लागला नव्हता. किल्लीचं कुलूप झिजलं तेव्हा त्याने डॅशबोर्डखाली एक बटण बसवलं. किल्ली अर्धी फिरवायची, मनात तीन आकडे मोजायचे, मग बटण दाबायचं. तिसरा गिअर टाकताना दांडी आधी आपल्याकडे ओढायची. आरसा निखळला होता तो त्याने स्वतःच्या डोळ्याच्या रेषेत धरून कायमचा चिकटवला. ड्रायव्हरचं सीट मागेपुढे सरकायचं बंद झालं तेव्हा आपल्या पायांच्या मापाला आणून चार बोल्टांनी आवळून टाकलं. "चोराने नेली तर गल्लीच्या तोंडाशी सोडून पळेल," असं तो म्हणे. चोराचं माहीत नाही, पण मुलाने एकोणिसाव्या वर्षी एकदा न विचारता नेली होती आणि चौकात अडकून पडला होता. त्या दिवसापासून किल्ली सूतभरच्या शर्टाच्या खिशात असे. झोपताना शर्ट खुंटीवर, किल्ली उशाखाली.

एकच काम राहिलं होतं. मागची दोन्ही दारं आतून उघडत नसत. अकरा वर्षं झाली होती. बायको अधूनमधून आठवण करून द्यायची.

"मागे बसतं कोण?" तो विचारायचा, आणि विषय तिथेच संपायचा.

नऊ वर्षांपूर्वी बायको जिन्यावरून पडली. खुब्याचं हाड जुळलं, पण पाय वाकायचा राहिला तो राहिलाच. उजवा पाय फळीसारखा सरळ. ती गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कटिंग मास्तर होती. काम उभ्याने करायचं, लांब टेबलाशी, कापडाचे चाळीस थर एकावर एक रचून. त्यामुळे पायाने कामाला अडचण नव्हती. अडचण होती तिथे पोचण्याची. बसची पायरी तिला चढवेना. एकदा भाड्याची गाडी बोलावली, तर त्या भल्या माणसाने तिला काखेत हात घालून उचललं आणि पोतं ठेवावं तसं मागे ठेवलं. तिने त्याचे आभार मानले. घरी आल्यावर म्हणाली, "पुन्हा मला कुणी उचलायचं नाही. घरात बसेन, पण उचलून घेणार नाही."

ती घरात बसली. दोन खोल्या, आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. सुरुवातीला ती रद्दीचे पेपर कापत असे. बाह्या, कॉलर, खिसे. संध्याकाळी फरशीभर कागदी शर्ट पडलेले असत आणि सूतभर ते मुकाट गोळा करून टाकी. सहाव्या महिन्यात पेपर कापायचे थांबले. कात्री खिडकीत पडून राहिली, तिच्या पात्यावर धूळ बसली. तेव्हा तो खरा घाबरला.

अकरा आठवडे त्याने गाडीखाली घालवले. दोन पोलादी तबकड्या घेतल्या, मध्ये बेअरिंग घातलं, आणि वर बायकोचं सीट बसवलं. पिन ओढली की सीट दाराकडे वळायचं. डॅशबोर्डमधला सामान ठेवायचा खण काढून टाकला, म्हणजे सरळ पायाला जागा. दाराच्या खांबाला एक मूठ वेल्ड केली. बायको पाठमोरी बसायची, मूठ धरायची, पिन ओढायची आणि स्वतःची स्वतः आत वळायची. कुणाचा हात लागत नसे. पहिल्या दिवशी ती तीनदा आतबाहेर करून बघत होती.

"जमतंय का?" त्याने विचारलं.

"सूतभर उंच झालंय," ती म्हणाली.

इतक्या वर्षांच्या संसारात त्याची तेवढी थट्टा करायचा हक्क तिने कमावला होता की नव्हता, हे तो ठरवू शकला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याने सीट तेवढं खाली घेतलं.

तेव्हापासून रोजचा क्रम ठरून गेला. अकराच्या आत तिला सोडायचं, उतरल्यावर पिशवी हातात द्यायची, कारखान्याच्या अंगणात गाडी लावून थांबायचं, चारला परत आणायचं.

यंदा त्याचा डावा गुडघा गेला. एका दिवसात नव्हे, थोडा थोडा करून. त्याने क्लच वर बांधून घेतला, म्हणजे पेडल थोडंसं दाबलं तरी काम भागे. महिन्याने आणखी थोडा वर. घरात यातलं काही बोलला नाही. मग एक दिवस दवाखान्याजवळच्या चढावर सिग्नलला थांबला असताना गुडघा अडकला. पाय पेडलवरून घसरला, गाडी आचका देऊन बंद पडली, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंत चार हात मागे जाऊन कचऱ्याच्या डब्यावर आदळली. मागे माणूस नव्हता. असता तर, हा विचार त्याने केला आणि पुन्हा पुन्हा केला.

बायकोने मागे वळून पाहिलं नाही. "लागलं का तुम्हाला?"

"नाही."

"मग चला. अकरा वाजत आले."

घरी ती कुणाला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटे. दोघांच्यात ती गोष्ट एका न उघडलेल्या पाकिटासारखी पडून राहिली.

त्याच सुमारास मुलाने नव्या गाडीचं मनावर घेतलं. त्याला चढाचं माहीत नव्हतं, नुसता बंपर दिसला होता. "बाबा, आता ऑटोमॅटिक घ्या. क्लचची कटकटच नाही. ही देऊन टाकू, बदल्यात घेतात."

क्लच नाही, हे शब्द सूतभरच्या डोक्यात राहिले. तो शोरूममध्ये गेला. खिशात घडीची फूटपट्टी होती. विक्री करणारी बाई पडद्यावर नकाशा दाखवत होती तेव्हा हा दार उघडून उकिडवा बसला आणि मापं घेऊ लागला. उकिडवं बसताना गुडघ्यातून कळ गेली ती त्याने गिळली.

"काका, काय शोधताय?"

"बायकोचा पाय."

बाई हसली नाही, हे तिचं चांगलं. त्याने समजावून सांगितलं. तिने सीटखाली हात घालून दाखवला. खाली तारांचा गुंता होता. सीटच्याच कुशीत एअरबॅग, वजन ओळखायची यंत्रणा. "याला हात लावता येत नाही, काका. एक बोल्ट सैल केला तरी गाडी दिवे दाखवत राहते. आणि अपघातात काय होईल, आम्ही सांगू शकत नाही."

तिथल्या चारही गाड्या त्याने मापल्या. मग मुलाबरोबर जुन्या बाजारात जाऊन आणखी पाच. कुठे दार दोन सुतांनी कमी, कुठे खांब आड, कुठे डॅशबोर्डचा खण कापता न येणारा. नऊच्या नऊ गाड्यांत तो स्वतः आरामात बसू शकत होता. बायको एकीतही बसू शकत नव्हती.

गोष्ट साधी होती, आणि म्हणूनच तिच्यातून सुटका नव्हती. नवी गाडी त्याला चालवता येईल, तिला बसता येणार नाही. जुन्या गाडीत तिला बसता येईल, त्याला चालवता येणार नाही. आयुष्यभर त्याने अडलेली यंत्रं सोडवली होती. एका बाजूने सुटत नसेल तर दुसऱ्या बाजूने पाना लाव, हे तो नवख्यांना शिकवे. इथे दोन्ही बाजूंनी पाना फिरत होता आणि नट जागचा हलत नव्हता.

मग तो चढ टाळू लागला. गोदामांमागून सपाट रस्ता होता, वीस मिनिटं लांब. निघायची वेळ त्याने अलीकडे आणली नाही; आणली असती तर घरात कारण सांगावं लागलं असतं. बायकोला कारखान्यात पोचायला उशीर होऊ लागला. पहिल्या आठवड्यात कुणी बोललं नाही. दुसऱ्या आठवड्यात तिच्या टेबलावरचं कापड दुसऱ्या बाईने पसरून ठेवलेलं होतं. ती त्या संध्याकाळी गाडीत म्हणाली, "सूनबाईला किल्ली द्या."

"ती तिची गाडी सांभाळेल."

"ती रोज पहाटे बेकरीची व्हॅन घेऊन शहरभर पाव टाकते. दहाला मोकळी होते. तुमच्यापेक्षा जास्त गाडी चालवते."

"ही गाडी वेगळी आहे."

"ते ऐकतेय मी तेवीस वर्षं."

त्याने लांबच्या रस्त्याने गाडी घरी आणली.

पुढच्या सोमवारी गुडघा नारळाएवढा सुजला. तो अंगणात गाडीत जाऊन बसला, डावा पाय दोन्ही हातांनी उचलून पेडलवर ठेवला, आणि पेडल दाबलं गेलं नाही. बायको काठी घेऊन शेजारच्या सीटवर आधीच वळून बसली होती. ती त्याच्याकडे हात पसरून राहिली. सूनबाई व्हॅन लावून नुकतीच आली होती, अंगाला पिठाचा वास, केस रुमालात बांधलेले. सूतभरने किल्ली दिली. बायकोच्या हातात दिली, सुनेच्या नव्हे.

सूनबाई बसली. आवळलेल्या सीटवरून तिचे पाय जेमतेम पोचत होते, आरशात तिला छप्पर दिसत होतं. सूतभर खिडकीशी उभा.

"अर्धी फिरव. थांब, तीन मोज. आता बटण. अगं, आता."

इंजिन लागलं. गाडी हिसका देऊन बंद पडली. पुन्हा लागलं, पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच.

"तुझ्याच्याने व्हायचं नाही. उतर," तो म्हणाला.

ती उतरली नाही. तिने क्लच नुसता हाताने दाबून पाहिला. एकदा, दोनदा, हळू. मग खिडकीतून त्याच्या पायाकडे बघितलं.

"बाबा, क्लच एवढा वर कुणासाठी बांधलाय?"

त्याने सुजलेला पाय मागे घेतला.

"हा असा क्लच पाय दुखणाऱ्याचा असतो. आमच्या जुन्या ड्रायव्हरकाकांनी असाच बांधला होता. कधीपासून दुखतोय?"

घरात कुणाला जे त्याने सांगितलं नव्हतं ते गाडीने तिला सांगून टाकलं. सूतभर अंगणातल्या दगडावर बसला. "पाच महिने," तो म्हणाला. मग म्हणाला, "चढावर मागे गेली होती."

"गुडघ्यामुळे गेली, ते मला तेव्हाच कळलं होतं," बायको आतून म्हणाली. "तुम्ही सांगायची वाट बघत होते."

तो आठवडा बायकोने रजा टाकली आणि सूतभरने गाडी खोलली. हे काम जोडण्यापेक्षा अवघड होतं. क्लच खाली आणला. बटण काढून नवं कुलूप बसवलं, आता किल्ली फिरवली की कुणाच्याही हाताने इंजिन लागणार होतं. तिसऱ्या गिअरच्या दांडीतली झिजलेली खीळ बदलली. चार बोल्ट गंजून एक झाले होते. दोन तासांनी सुटले, एक तुटला. रुळांना ग्रीस लावल्यावर सीट पुढे सरकलं, सूनबाईच्या मापाला. चिकटवलेला आरसा काढताना फुटला, तो नवा आणला. पाय लांब करून, पाठीवर पडून, जेवढं जमलं तेवढं त्याने केलं; जे जमलं नाही ते सूनबाईने तो सांगेल तसं केलं, आणि दोनदा तो सांगेल त्यापेक्षा नीट केलं. तो म्हणाला, "चालेल." फिरत्या सीटला त्याने हात लावला नाही.

तेवीस वर्षांच्या त्याच्या खुणा एका डब्यात मावल्या. डबा त्याने माळ्यावर टाकला.

सोमवारी गाडी निघाली. पुढे बायको, स्टिअरिंगवर सूनबाई, मागे सूतभर. चढावर सिग्नल लाल होता. त्याचा डावा पाय मागे बसल्या बसल्या गाडीच्या तळावर दाबला गेला. गाडी सूतभरही मागे गेली नाही. दोघी पुढे कुठल्याशा कापडाबद्दल बोलत होत्या, आणि मागून अर्धंच ऐकू येत होतं.

कारखान्याच्या अंगणात गाडी थांबली. अकराला बारा मिनिटं कमी. बायकोने पिन ओढली, वळली, काठी टेकून उभी राहिली. सूतभर पिशवी द्यायला उतरू लागला. हातात कडी आली ती ढिली, नुसतीच हलणारी. त्याने पुन्हा ओढली. दार हललं नाही. आत एक क्लिप तुटली होती, नखाएवढी. दहा मिनिटांचं काम. या आठवड्यातही ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं, कारण तो मागे कधी बसलाच नव्हता.

काचेवर टकटक करावं असं त्याला वाटलं. केलं नाही.

"अगं," बायको बाहेरून सुनेला म्हणाली, "त्यांचं दार बाहेरून उघडावं लागतं. पण आधी माझी पिशवी दे, उशीर होतोय."

पिशवीचा बंद सीटच्या पिनेत गुंतला होता. सूनबाई ओढत होती, तो सुटत नव्हता. आधी डावीकडे ढकल, मग वर घे, एवढं त्याच्या ओठांपर्यंत आलं. तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला. तिने दोनदा ओढलं, मग थांबून खाली वाकून नीट पाहिलं, आणि बंद डावीकडे ढकलून वर काढला. बायको पिशवी खांद्याला लावून काठी टेकत टेकत दारातून आत गेली.

मग सूनबाई गाडीला वळसा घालून मागे आली.