फळ्यावरचे अधिक चिन्ह

विद्यार्थी मिळेनात म्हणून महाविद्यालयाने पदार्थविज्ञानाचा विभाग बंद केला आणि सरांना घरचा रस्ता दाखवला, तेव्हा त्यांनी नुकतीच पन्नाशी ओलांडली होती. नवे काही शिकायला उशीर झालेला आणि निवृत्त व्हायला अवकाश, अशा अडनिड्या वयात त्यांना जे काम मिळाले ते चारचौघांत सांगताना त्यांची जीभ अडखळत असे. दूरचित्रवाणीच्या एका मालिकेसाठी ते फळ्यावर समीकरणे लिहीत.

मालिका एका गुप्त गावाची होती. कुंपणाआड वसवलेले, कोणत्याही नकाशावर नसलेले गाव आणि त्यात राहणारे विक्षिप्त शास्त्रज्ञ. एक गृहस्थ कोंबड्यांना गुणाकार शिकवीत, एक बाई आकाशातली वीज बरण्यांत भरून फडताळात ठेवीत, आणि या सर्वांचे अग्रणी असलेले वृद्ध प्राध्यापक दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून विश्वाचे कोडे सोडवीत. विद्वान म्हटला की तो डोक्याने थोडा सरकलेला असलाच पाहिजे, अशी ही मालिका काढणाऱ्यांची ठाम समजूत होती. स्वच्छ कपडे घालणारा, घंटेबरोबर वर्गात शिरणारा शास्त्रज्ञ त्यांच्या काही कामाचा नव्हता. सर नेमके तसेच असल्यामुळे त्यांची जागा कॅमेऱ्याच्या मागे होती, आणि तिथे त्यांना सगळे ‘मास्तर’ म्हणत. ही हाक त्यांना दर वेळी खड्यासारखी लागे.

हे गाव म्हणजे बंद पडलेल्या कारखान्याची एक लांबलचक शेड होती. भिंती प्लायवूडच्या, खिडकीतले आभाळ कापडाचे. खरा काय तो फळा होता. श्रेयनामावलीत ‘विज्ञान सल्लागार’ म्हणून सरांचे नाव झळकणार होते आणि बायकोने ती बातमी साऱ्या गणगोतात पोचवलीही होती. सरांच्या डोळ्यांसमोर मात्र एकच प्रेक्षक होता. त्यांची मुलगी परगावी पदार्थविज्ञानातच संशोधन करीत होती. “बाबा, एकही भाग सोडणार नाही मी,” असे तिने फोनवर सांगितले होते. “निदान एका मालिकेत तरी विज्ञान खरं दिसेल.”

चूक झाली ती पहिल्याच दिवशी. सर समीकरण मांडत असताना दिवे लावणाऱ्याने शिडी आणली आणि “मास्तर, जरा सरका” म्हणाला. सर सरकले. शिडी गेल्यावर त्यांनी अर्धवट ओळ पुढे नेली आणि एक पद बरोबरीच्या चिन्हापलीकडे नेताना त्याचे चिन्ह बदलायचे राहून गेले. उणे हवे तिथे अधिक. शाळकरी पोरालाही ज्यासाठी कान पिळून घ्यावा लागेल अशी चूक. ती त्यांच्या लक्षात आली दुसऱ्या दिवशी सकाळी, तोवर त्या फळ्यासमोर निम्मे प्रसंग चित्रित झाले होते.

ते तडक कंटिन्युइटीच्या बाईंकडे गेले. एकदा कॅमेऱ्याने जे टिपले ते पुढच्या प्रत्येक शॉटमध्ये जसेच्या तसे राहील याची राखण करणे, हे त्या बाईंचे काम. कपातला चहा किती उतरला आहे यावरूनही त्या माणसांना फैलावर घेत.

“बाई, शेवटच्या ओळीत उणे हवं. मी आत्ता बदलून टाकतो.”

“हात लावू नका, मास्तर.”

“अहो, पण ते चुकीचं आहे!”

“काल बरोबर होतं का?”

“कालही चुकीचंच होतं.”

“मग झालं तर! कालच्यासारखं आज आहे. माझं काम तेवढंच.”

तोच फळा कोंबड्यांच्या वर्गालाही लागत असल्याने रोज संध्याकाळी तो पुसला जाई आणि सकाळी पहिल्या दिवसाचा फोटो समोर धरून सरांना तो पुन्हा लिहावा लागे. म्हणजे रोज सकाळी, ताज्या खडूने, शुद्धीवर असताना, सर आपली चूक आपल्याच हाताने नव्याने करीत. घरीही चैन पडेना. बसले की उठत, उठले की खिडकीशी जात.

“अहो, जेवताना टेबलावर रेघा कसल्या ओढताय? मुंग्या आल्यात का हाताला?” बायको म्हणे.

सर बोट आवरते घेत. जरा वेळाने ते पुन्हा चालू होई. उणे, उणे, उणे.

शेवटी त्यांनी दिग्दर्शकाला गाठले. प्राध्यापकांनाच ही चूक सापडते आणि ते ती सुधारतात, असा एखादा प्रसंग घालावा, असे सुचवले.

“मास्तर, कल्पना झकास आहे. पण आमचे प्राध्यापक चुकत नाहीत. मोज्यांत चुकतील, गणितात नाही. लोक म्हणतील, हा कसला शास्त्रज्ञ!”

वर्षानुवर्षे वर्गात सरांचेही मत हेच होते.

“आणि ते चिन्ह बघणार कोण हो?”

“माझी मुलगी.”

“अरे वा! म्हणजे एक प्रेक्षक पक्का.”

सर्वांत शेवटी चित्रित व्हायचा होता तो पहिल्या भागाच्या आरंभीचा शॉट. पडदाभर फक्त फळा, आणि प्राध्यापकांचा हात ती ओळ लिहितो आहे. नटाच्या हातून ओळ उतारावरच्या गाडीसारखी घरंगळू लागली, तेव्हा प्राध्यापकांचा कोट सरांच्या अंगात चढवण्यात आला. कॅमेरा सुरू झाला. सर लिहीत गेले आणि त्या जागी पोचल्यावर त्यांनी उणे लिहिले.

“कट! मास्तर, अधिक!” बाई ओरडल्या.

ओळ पुसली. पुन्हा कॅमेरा, पुन्हा उणे. त्यापुढच्या वेळी खडू बरोबरीच्या चिन्हापाशीच थांबला.

“मास्तर, रोज लिहिता ना हे?” दिग्दर्शकाचा आवाज चढला. “मग आज घोडं कुठे अडलं?”

“लिहवत नाही,” सर म्हणाले.

अखेर सेट रंगवणाऱ्या पेंटरला बोलावले. त्याने कोट घातला, फोटो बघितला आणि एका दमात ती ओळ उतरवली. अधिक चिन्ह तर असे रेखीव काढले, की बाईंनी टाळी दिली. सरांनी आपले नाव मालिकेतून काढायला सांगितले. कोणी आग्रह केला नाही. जे घालायला महिनाभर पत्रव्यवहार चालला होता, ते काढायला कुणाला खुर्चीवरून उठावेही लागले नाही.

पहिला भाग पाहायला घरात पाहुणे जमले होते. भाग संपला, नावे सरकत वर गेली आणि जाहिराती सुरू झाल्या.

“भाऊजी, तुमचं नाव फारच बारीक छापलं की काय?” मेहुणा म्हणाला. “मला चष्मा बदलायला हवा.”

बायको उठून स्वयंपाकघरात गेली. तेवढ्यात मुलीचा फोन आला. सर तो घेऊन गॅलरीत गेले.

“बाबा, मधल्या प्रसंगांतला फळा तुमचाच आहे. लांबून चिन्हं वाचता आली नाहीत, तरी तुमचं अक्षर मी कुठेही ओळखेन. पण सुरुवातीचा तो हात कोणाचा? शेवटच्या ओळीत चक्क अधिक! तुमच्या मेहनतीची पार माती केली हो त्यानं. म्हणूनच नाव काढून घेतलंत ना? बरं केलंत.”

इतकी प्रशस्त पळवाट आयुष्यात त्यांना कोणी काढून दिली नव्हती. सर गॅलरीच्या या टोकाकडून त्या टोकाला गेले आणि परत आले.

“अगं, पेंटरचा काही दोष नाही. ते अधिक माझं आहे. पहिल्या दिवशी मीच चुकलो.”

“तुम्ही? मग पुढे?”

“पुढे रोज तेच लिहीत होतो.”

“रोज लिहिलंत, तर मग शेवटच्या दिवशीच का नाही लिहिलं?”

सर कठड्याशी थबकले. त्यांच्याजवळ तत्त्वाची बरीच उत्तरे तयार होती.

“शेवटच्या दिवशी,” ते म्हणाले, “कॅमेरा हातावर होता. चूक करताना तू मला पाहिलं असतंस.”

“ऐकतेयस ना?” त्यांनी विचारले, आणि ते पुन्हा येरझाऱ्या घालू लागले.