नेने सरांनी पास केलेले फोटो

घरच्या घरी फोटो छापायचा नाद ज्यांना लागतो, त्यांच्याकडे फुकट गेलेल्या प्रिंट्सचा एक खण असतोच. दामलेकाकांच्या खणात हात घातला, की प्रत्येक प्रिंटबरोबर एक किस्सा बाहेर येतो आणि खण काही रिकामा होत नाही!

आम्ही चौघं. शनिवार पेठेतले दामलेकाका, कारण प्रिंटर त्यांचा. निवृत्त चित्रकला शिक्षक नेने सर, कारण रंगातलं कळतं ते त्यांनाच. विश्रांतवाडीहून येणारा आयटीतला तुषार. आणि मी, वैदेही, कॉलेजच्या लायब्ररीत आयुष्य काढलेली. दर रविवारी सकाळी काकांकडे जमायचं आणि स्क्रीनवर दिसतं तसंच कागदावर उतरवायचं. सोपं वाटतं ना? आम्हालाही वाटलं होतं.

* * *

तुषारनं खडकवासल्याचा सूर्यास्त टिपला होता. स्क्रीनवर आभाळ असं केशरी, की आम्ही गप्पच झालो. प्रिंटरमधून कागद सरकत बाहेर आला आणि आम्ही पुन्हा गप्प झालो. आभाळ हिरवं!

"धरणात शेवाळ असतं हे माहीत होतं," नेने सर म्हणाले. "आभाळात कधी चढलं?"

गुलाबी शाई संपली होती. प्रिंटरवरचा लाल दिवा कधीपासून लुकलुकत होता, पण काकांना वाटलं, मशीन चालू असल्याची ती खूण आहे!

* * *

काकांच्या पुतण्याच्या मुलाची मुंज झाली. काकांनी घरी छापलेले फोटो इतके काळे आले, की बटू कोणता आणि गुरुजी कोणते तेच कळेना.

"काका, स्क्रीनचा ब्राइटनेस फुल ठेवलाय तुम्ही," तुषार म्हणाला. "म्हणून स्क्रीनवर छान दिसतं. तो कमी करा, मग खरं काय ते कळेल."

"उजेड कमी करून कोणी फोटो बघतं का?" काका ऐकेनात. फोटो तसेच पुतण्याकडे गेले. त्यानं पाकीट उघडलं आणि तो थक्क झाला. आत फोटो, एक छोटा टॉर्च आणि काकांच्या सुवाच्य अक्षरात सूचना: 'फोटो टॉर्च लावून पाहावेत.'

* * *

सरांचं भांडण कागदाशी. "हा कागद पिवळा आहे!" प्रत्येक नव्या पुड्याला हेच. एकदा मला घेऊन ते थेट दुकानात गेले आणि पुडा काउंटरवर आपटला.

दुकानदारानं वर्तमानपत्रातून मान वर केली. "कागद पांढरा आहे. तो बदलून मिळणार नाही. दुकान बदलू शकता."

मग सरांनी स्वतःच उपाय काढला. कागद पिवळा म्हणून छापताना पिवळं उतरवायचं, निळं चढवायचं. स्क्रीनही त्याच हिशेबानं लावून घेतला. तुषार एकदा भीत भीत म्हणाला, "सर, जरा ब्लू होतंय का?"

"दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून डोळे गेलेत तुझे," सर म्हणाले. विषय संपला.

* * *

सुमनकाकू म्हणजे दामलेकाकांच्या सौभाग्यवती. रविवारी कॉफी त्यांची, टोमणेही त्यांचेच. कॅमेरा दिसला की त्या तोंड फिरवायच्या. एका पाडव्याला मात्र हळदीच्या रंगाची नारायणपेठ नेसून खिडकीशी बसल्या होत्या, कशावर तरी खळखळून हसत होत्या, आणि काकांनी तेवढ्यात फोटो काढला.

"साडीचं पिवळं फार आहे. उतरवा," सर म्हणाले. उतरवलं. अजून उतरवलं. शेवटी सरांनी मान डोलावली आणि त्यांचा सर्वात मोठा शेरा दिला, "हुबेहूब!"

काकूंनी चष्मा लावून प्रिंट पाहिली. "मी बरी आलेय. साडी कोणाची?"

आम्ही हसून हसून बेजार झालो.

* * *

गेल्या वर्षी काकू अचानक गेल्या. अजूनही खरं वाटत नाही. पाठोपाठ काकांच्या कॉम्प्युटरची डिस्क बसली आणि मूळ फोटोही गेला. तुषारनं जंग जंग पछाडलं, काही हाती लागलं नाही. राहिली ती फ्रेममधली प्रिंट. काका रोज सकाळी तिच्यासमोर बसून कॉफी पितात.

आणि गेल्या महिन्यात सरांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्याचं नंतर करायचं ठरलं. पुढच्या रविवारी सर काळा चष्मा लावून आले, दारात त्यांनी तो काढला आणि जागच्या जागी थबकले. समोर भिंतीवर त्यांनी पास केलेल्या आमच्या सगळ्या प्रिंट्स टाचलेल्या होत्या.

"अरे देवा! हे सगळं निळं कोणी केलं?"

तुषार हळूच म्हणाला, "सर... तुम्हीच."

सरांनी ऑपरेशन झालेला उजवा डोळा झाकून पाहिलं. "डाव्यानं बरोबर दिसतंय," ते पुटपुटले. मग डावा झाकून पाहिलं. टेबलावरचा कागदाचा पुडा उचलला. "पांढरा आहे हो हा," असं म्हणून ते खुर्चीत बसले.

तोवर काका आतल्या खोलीकडे निघाले होते. ते काकूंची फ्रेम घेऊन आले. साडी फिक्कट, हिरवट, कितीतरी वेळा धुतल्यासारखी. मला ते इतके दिवस कसं दिसलं नव्हतं, कोण जाणे.

"सर, खरं सांगा," काका म्हणाले. "ही पण?"

सरांनी फ्रेमकडे पाहिलं. मग त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात घट्ट दाबून धरला.

"हुबेहूब, दामले," ते म्हणाले.