चुका किती, आणि कितीपैकी?

“मॅडम, फायनलला सारिकाला बाहेर ठेवायलोय मी,” कदम सर म्हणाले. “तुमच्या अंदाजात तसं धरून चला.”

मी चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासत होते. कदम सर आमच्या गंगाखेडच्या कॉलेजचे क्रीडा संचालक. मी संख्याशास्त्र शिकवते, वीसेक वर्षं झाली. व्हॉलीबॉल मी आयुष्यात खेळलेले नाही. पण आमच्या मुलींचा संघ झोनच्या फायनलला पोचला आणि प्राचार्यांना वाटलं, सामन्याआधी आकडेवारीवरून एक अंदाज काढावा आणि वर्तमानपत्रात द्यावा. कॉलेजात आकड्यांचं माणूस एकच, म्हणून काम माझ्याकडे आलं. समोर परभणीचा संघ होता. झोन त्यांनीच बऱ्याचदा जिंकलेला.

“सारिका कोण?” मी विचारलं.

“आपली लिबेरो. ती बुटकी, वेगळ्या रंगाचा टी-शर्ट घालती ती.”

लिबेरो ही मागच्या रांगेतच खेळणारी खेळाडू. तिने स्मॅश मारायचा नसतो. समोरून आलेली सर्व्हिस किंवा स्मॅश उचलायचा आणि आपल्या लिफ्टरकडे नीट पोचवायचा, एवढंच तिचं काम. लिफ्टर तो बॉल जाळीजवळ उभा करते, स्मॅशर मारते. टाळ्या स्मॅशरला मिळतात.

“तिला का काढता?”

“चुका लय करायली मॅडम. शेवटच्या तीन मॅचमधी सतरा. तिच्या जागी पल्लवीला टाकतो. ती बी मागं तिच्या शेजारीच खेळती, पण तिच्या पाचच हायेत.”

“सतरा, कितीपैकी?”

“म्हणजे?”

“सारिकाने एकूण किती बॉल उचलायला घेतले? त्यातले सतरा चुकले ना?”

कदम सरांनी हात झटकला. “ते कोण मोजतंय? चूक झाली की आमी नावापुढं काडी मारतो. बरोबर उचलला तर काय लिहायचं? ते तर तिचं कामच हाय.”

मी पेन खाली ठेवलं. चौथीच्या मुलालाही अंश आणि छेद माहीत असतो. इथे नुसता अंश घेऊन मुलीला घरी बसवायची तयारी चालली होती. मी सरांना म्हटलं, रोज परभणीच्या फेऱ्या मारणारी एसटी महिन्यात तीनदा पंक्चर होते. आमच्या शेजाऱ्यांची कार लग्नाकार्यापुरती बाहेर निघते, ती एकदा होते. मग एसटीचे टायर वाईट का?

“ते बरोबर हाय,” सर म्हणाले. “पण चूक ती चूकच की मॅडम.”

मग त्यांनीच मला पुढची गोष्ट सांगितली, जराशी नाराजीने. विद्यापीठाच्या संघाची निवड समिती ही फायनल बघायला येणार होती. सारिका तिसऱ्या वर्षाला. तिला खेळाडूंच्या जागेवर पोलीस भरतीचा अर्ज करायचा होता, आणि तिथे नुसत्या कॉलेजच्या सर्टिफिकेटला कुणी विचारत नाही. विद्यापीठाकडून खेळायची तिची ही शेवटची संधी होती. बाहेर खुर्चीवर बसलेली खेळाडू निवड समितीला दिसत नाही.

“तिला सांगितलंय?”

“अजून न्हाई. रडल की ती.”

“मग सोमवारपर्यंत सांगू नका,” मी म्हटलं.

आमच्या तिन्ही सामन्यांचे पूर्ण व्हिडिओ कॉलेजात होते, कारण प्राचार्यांना वार्षिक अहवालासाठी सगळंच लागतं. रविवारी स्वयंपाक आटोपला आणि मी लॅपटॉप घेऊन बसले. एक रकाना घेतलेल्या बॉलचा, एक चुकलेल्या बॉलचा. अवघड काहीच नाही, फक्त बूड टेकून बसावं लागतं.

सारिकाने तीन सामन्यांत साधारण एकशेदहा बॉल घेतले होते. सतरा चुकले. म्हणजे सहा-सात बॉलमागे एक. पल्लवीने घेतले चौदा. पाच चुकले. म्हणजे तीनातला एक. कदम सर तीनातला एक चुकवणाऱ्या मुलीला लिबेरो करणार होते आणि त्याला सुधारणा म्हणत होते.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण एकशेदहा आणि चौदा हा फरक मला खटकला. लिबेरो जास्त बॉल घेणार हे ठीक. पण पल्लवी तिच्या शेजारीच उभी असते. तिच्या वाट्याला इतके कमी बॉल कसे? मी त्या सतरा चुका पुन्हा लावून बघितल्या, या वेळी आवाज मोठा करून.

दोन तृतीयांश चुका एकाच जागी झाल्या होत्या, सारिका आणि पल्लवीच्या मधल्या पट्ट्यात. आणि दर वेळी ओरडणं एकच होतं. “घे ताई, घे!”

व्हॉलीबॉलमध्ये नियम साधा असतो, हे मला नंतर कळलं. दोघींच्या मध्ये बॉल आला की जी घेणार तिने “माझा” म्हणून ओरडायचं. दुसरीने बाजूला व्हायचं. आमच्या मुली उलटं करत होत्या. बॉल जिच्याजवळ आला ती मागे सरायची आणि दुसरीला “घे” म्हणायची. सारिका लांबून झेप टाकायची, बॉल हाताला लागून बाहेर जायचा. शेवटचा हात जिचा, काडी तिच्या नावावर.

सोमवारी मी ग्राउंडवर गेले. कॉटनच्या साडीत आणि रोजच्या चपलेत. मुलींना वाटलं, कुणाची तरी हजेरी कमी पडली. मी पल्लवीला मोबाईलवर एक तुकडा दाखवला.

“हा बॉल कुणाचा होता?”

तिने दोनदा बघितला. “तसा माझाच व्हता मॅडम.”

“मग घेतला का नाहीस?”

“सारिकाताई हाय ना. ताईसमोर माझा माझा करत कसं ओरडायचं? आगाव दिसतंय ते.”

“घरी माझं म्हणलं की आई उलथनं घेऊन येती मॅडम,” मागून लिफ्टर म्हणाली. सगळ्या हसल्या. मी हसले नाही, कारण तिने अगदी नेमकं कारण सांगितलं होतं.

सारिका कडेला उभी राहून गुडघ्याचा पॅड सारखा करत होती. ती जिंतूर तालुक्यातली, येलदरीकडची. घरी शेरडं-मेंढरं. वडील वर्षातले बरेच महिने कळपामागे फिरतीवर, म्हणून घरचा कारभार चुलत्यांकडे. हे मला हॉस्टेलच्या मॅडमनी सांगितलं होतं.

“आणि तू? तुझा नसलेला बॉल घ्यायला का धावतेस?”

“पडू द्यायचा व्हय मग?” ती म्हणाली. “बॉल तर खाली टेकायला न्हाई पाहिजे.”

“आणि काडी तुझ्या नावावर पडते, ते?”

“पडती. कुणाच्या तरी नावावर पडणारच की मॅडम.”

कदम सर हे सगळं ऐकत होते. शिट्टी तोंडात तशीच होती, वाजवायची राहून गेली. मी त्यांना आकडे दाखवले. त्यांनी कागद उलटा सुलटा केला.

“बरं, हे मानलं,” ते म्हणाले. “पण परभणीची ती स्मॅशर बघा एकदा. तिच्यापुढं आपली कुणीच टिकत न्हाई.” त्यांनी मोबाईल काढला. परभणीच्या मुलींच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरचे तुकडे त्यांनी जमवले होते. एक उंच मुलगी उडी मारते, बॉल जमिनीत, सगळ्या ओरडतात. दुसरा तुकडा, पुन्हा तेच. असे दहा-बारा.

“ही कधीच चुकत नाही का सर?”

“न्हाई ना. तेच तर सांगायलोय.”

“सर, चुकलेला स्मॅश स्टेटसला कोण ठेवतं?”

सरांनी मोबाईल खिशात ठेवला. “च्यायला,” ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, “माफ करा मॅडम.”

चूक तीच होती, फक्त उलट्या बाजूने. आपल्या मुलीच्या फक्त चुका मोजल्या आणि त्यांच्या मुलीचे फक्त पॉइंट. अशा मोजणीतून कुणीही राक्षस दिसेल आणि कुणीही निकामी.

फायनलआधी परभणीच्या संघाचा एक सराव सामना व्हायचा होता. पल्लवीची मावसबहीण तिथेच शिकायला होती. तिला निरोप दिला की मोबाईल खुर्चीला बांध, चार्जिंग पूर्ण करून घे आणि बॉल बाहेर गेला तरी रेकॉर्डिंग बंद करू नको. मुलगी हुशार निघाली. तिने पूर्ण सामना पाठवला.

ती उंच स्मॅशर चांगलीच होती, यात शंका नाही. पण पूर्ण सामन्यात तिचे चारातले एक-दोन बॉल बाहेर किंवा जाळीत जात होते, आणि दुसऱ्या सेटपासून जास्तच. माणसासारखं माणूस. मला काळजी वाटली ती त्यांच्या सर्व्हिसची. त्या सगळ्याजणी सर्व्हिस माणसावर टाकत नव्हत्या, दोन माणसांच्या मध्ये टाकत होत्या. आमच्या “घे ताई, घे”वर त्यांनी पॉइंट लुटले असते.

मी अंदाज लिहून प्राचार्यांकडे नेला. हे दोन संघ दहा वेळा खेळले, तर साधारण सहा वेळा परभणी जिंकेल, चार वेळा आपण. सारिकाला काढलं तर चाराचे दोन होतील. मुली मधल्या बॉलला “माझा” म्हणायला शिकल्या नाहीत तरी दोनच.

प्राचार्यांनी चष्मा काढला. “म्हणजे आपण हरणार म्हणा की.”

“तसं मी लिहिलेलं नाही सर.”

“मग जिंकणार?”

“तसंही लिहिलेलं नाही.”

“मग तुमच्या शास्त्राचा उपयोग काय मॅडम? एवढं तर टपरीवरचा माणूसही सांगतो.”

“टपरीवरचा माणूस लिबेरोला काढा म्हणतो,” मी म्हटलं. “उपयोग तेवढाच आहे.”

वर्तमानपत्रात ‘चुरशीची लढत अपेक्षित’ एवढंच छापून आलं. त्यासाठी माझी गरज नव्हती.

कदम सरांनी मात्र आपलं काम केलं. उरलेल्या सरावात त्यांनी एकच शिस्त ठेवली. जी “घे” म्हणेल तिने ग्राउंडला फेरी मारायची. पहिल्या दिवशी सगळा संघ पळतच होता. “माझा” असं पल्लवी इतकं हळू म्हणायची की तिचं तिलाच ऐकू जायचं नाही. “पोरी, देवाच्या पाया पडायलीस का बॉल मागायलीस?” सर ओरडायचे. सारिकाला वेगळी सूचना होती. दुसरीने “माझा” म्हटलं की हलायचं नाही, बॉल पडला तरी. हे तिला सगळ्यांत जड गेलं. दोन्ही हात मागे बांधून ती उभी राहायची आणि पाय तरी पुढे यायचेच.

फायनल परभणीला झाली. आम्ही सकाळच्या गाडीने गेलो. सारिका पहिल्या सर्व्हिसपासून आत होती. निवड समितीची माणसं सावलीत, टेबलामागे चहा पीत बसली होती.

सामना तीन सेटचा, दोन जिंकेल तो विजयी. पहिला सेट त्यांनी घेतला. त्यांची सर्व्हिस अपेक्षेप्रमाणे मधल्या पट्ट्यातच येत होती. पण मैदानावर “माझा” ऐकू येत होतं. सुरुवातीला घाबरत, मग मोठ्याने. दुसरा सेट आम्ही घेतला. ती उंच मुलगी दमली होती. तिसरा सेट पंधरा पॉइंटचा असतो. तो शेवटापर्यंत बरोबरीत चालला.

मग एक सर्व्हिस बरोबर मध्ये आली. “माझा!” पल्लवी ओरडली, इतक्या जोरात की समितीतल्या एका बाईंनी कप खाली ठेवला. सारिका जागची हलली नाही. पल्लवीच्या हाताला बॉल लागला आणि तिरका बाहेर गेला. पुढचा पॉइंटही त्यांचाच. सामना संपला. आम्ही हरलो.

कदम सर माझ्याकडे वळले. “हिला फेरी मारायला लावू का शाबासकी देऊ?”

“बॉल तिचा होता. तिने घेतला,” मी म्हटलं. “चुकांमध्ये काडी मारा. आणि घेतलेल्या बॉलमध्येही एक काडी मारा.”

सर मारत होतेच. त्यांच्या कागदावर आता दोन रकाने होते. सारिकाने त्या सामन्यात चाळीसच्या वर बॉल घेतले होते आणि तीन चुकवले होते.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. मॅडम म्हणाल्या होत्या हरणार, तसंच झालं. प्राचार्यांनीही मान डोलावली. मी सांगून बघितलं की एका सामन्याने दहातल्या सहाचा अंदाज खराही ठरत नाही आणि खोटाही. जिंकलो असतो तरी माझा कागद तोच राहिला असता. कुणी ऐकलं नाही. माझ्या विषयात लोक नेहमी चुकीच्या गोष्टीसाठी शाबासकी देतात. मी ती घेते आणि चहा पिते.

मला खात्री होती ती एकाच गोष्टीची, आणि ती आठवड्याने खरी ठरली. विद्यापीठाच्या संघाच्या यादीत लिबेरोपुढे सारिकाचं नाव होतं. शिबिरासाठी पालकांची सही लागत होती, म्हणून तिचे चुलते येलदरीकडून आले. डोक्याला मुंडासं, हातात कापडी पिशवी. कदम सरांच्या केबिनमध्ये ते खुर्चीच्या टोकावर बसले आणि पेन हातात धरून थांबले. मी शेजारीच बसले होते, सारिका दारापाशी उभी होती.

“सही करतो मॅडम. पण गावात लोकं नावं ठेवायलेत. पोरगी चड्डी घालून खेळती, गावोगाव हिंडती म्हणायलेत.”

मी काहीतरी बोलणार होते. सारिका आधी बोलली.

“किती लोकं, काका?”

“हायेत की. चार-पाच घरं.”

“कितीपैकी?”

चुलत्यांनी पेन खाली ठेवलं आणि बोटांवर घरं मोजायला सुरुवात केली. वरची आळी, खालची आळी, तळ्याकडची घरं. दोन्ही हातांची बोटं दोन-तीनदा संपली. मग ते थांबले, पुतणीकडे बघितलं आणि मिशीत हसले.

“लय शाणी झालीस,” म्हणाले, आणि सही केली.

कदम सर माझ्याकडे कौतुकाने बघत होते. त्यांना सांगावं लागलं की मी तिला कधी शिकवलेलं नाही. ती आर्ट्सची आहे.